विळा घेऊन आलेला माणूस

प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी बाबांच्या आजारपणात लिहिलं. आंतरराष्ट्रीय सुरक्षेच्या सिद्धांतांत वंशभेद कसा मुरलेला आहे, हा विषय. तेच शस्त्र युरोपच्या हातात असलं की संरक्षण, आशिया-आफ्रिकेच्या हातात गेलं की धोका. कारण पूर्वेकडचा माणूस लहरी, हे आधीच ठरलेलं.

बाबांची पहिली नोकरी आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याकडच्या एका गोंड वस्तीच्या शाळेत. तिथला त्यांच्या वयाचा एक शेतकरी दर कार्तिकात आमच्या घरी आदिलाबादला यायचा. नव्या ज्वारीची पहिली कणसं आणि ती कापलेला विळा आणायचा. बाबा विळ्याला हळदकुंकू लावत, मग त्या ज्वारीची भाकर होई. त्याआधी घरात कुणी नवी ज्वारी खात नसे. मी हैदराबादला शिकायला गेलो आणि हे सगळं विसरलो.

त्या कार्तिकात, मी त्यांच्या आजारपणासाठी आदिलाबादला परतलेलो असताना, बाबांनी भाकरीचं ताट दोनदा बाजूला सारलं. "नवी आली का?" विचारलं. औषधांनी तोंडाची चव गेली असेल, असं मला वाटलं.

एका दुपारी खालून आमच्या इमारतीच्या वॉचमनचा फोन आला. जंगलाकडचा कुणी म्हातारा आहे, मास्तरांना भेटायचं म्हणतो, हातात विळा आहे. मी लिहीत होतो. विळा तेवढा माझ्या कानात राहिला.

"आत सोडू नका," मी म्हणालो, आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं.

चौथ्या दिवशी बाबा गेले.

तेराव्याला तो शेतकरी आला, रिकाम्या हातांनी. बाबांच्या फोटोसमोर बसला. मग मला म्हणाला, "मास्तरनं खाल्ली का माही ज्वारी? गेटावर देऊन गेल्तो. इळा खाली ठेवतो म्हनलं, तरी सोडलं नाही त्यानं. कोनी मना केलं होतं का?"

"वॉचमन नवा आहे," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. नोकरीतला माणूस, त्याचा काय दोष, म्हणाला.

तो गेल्यावर मी खाली गेलो. कणसं वॉचमनच्या खोलीत खुंटीला टांगलेली होती, उंदरांनी निम्मी कुरतडलेली. उरलेली घरी आणून डब्यात ठेवली. दळायला अजून काढलेली नाहीत. तिसऱ्या प्रकरणाचं मार्गदर्शकांनी कौतुक केलं.

तेराव्याला निघताना तो दारात थांबला होता. पुढच्या कार्तिकात येईन म्हणाला, विळा घरीच ठेवून.