इंजिन बदलू नका म्हणणारे किसन मिस्त्री

आज सकाळी किसन मिस्त्री गेले. माझ्या मूर्खपणाचा एकमेव साक्षीदार गेला.

काय मूर्खपणा, ते सांगते. आता लपवून कोणाला फायदा?

अठ्ठ्याण्णव साल असेल. आमची एक जुनी पांढरी डिझेल गाडी होती, टूरिस्ट टॅक्सी. आमचे हे चालवायचे. नाशिकरोड स्टेशनवर पॅसेंजर घ्यायचे. त्र्यंबक, वणी, शिर्डी करून आणायचे.

घरात पाच तोंडं. कमावती ती एकटी गाडी.

दिवाळीनंतर ती तापायला लागली. कसारा घाटात पॅसेंजरसकट उभी राहिली. मागून पांढरा धूर, आणि पाणी पिते म्हशीसारखी.

दोन गॅरेजवाल्यांनी वरवर बघून सांगितलं, इंजिन संपलं, दुसरं टाका.

ह्यांना पटलं. ह्यांना कोणाचंही पटतं, माझं सोडून.

एक वापरलेलं इंजिन बघायला हे सकाळच्या एसटीने मालेगावला गेले. त्यासाठी माझ्या पाटल्या मोडायचं ठरलं होतं. ते इंजिन किती पळालेलं, कुठल्या अपघातातलं, कोण सांगणार? तेही बंद पडलं असतं तर पाटल्याही नाहीत आणि गाडीही नाही.

मी किसन मिस्त्रींच्या पत्र्याच्या गॅरेजात गेले ती भांडायला. ह्यांनी गाडी तिथे लावून इंजिन उतरवायला सांगितलं होतं, तर हा माणूस नुसतं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोलून बसलेला.

"मिस्त्री, मुहूर्त बघताय का?"

"वैनी, वरडू नका. इकडं या. या भोकात हात घाला. आतल्या भिंतीवर नख फिरवा, वरून खाली."

फिरवलं.

"अडकतंय का कुठं?"

"नाही. परातीसारखं गुळगुळीत आहे."

"मंग! झिजलं असतं तर वर कंगोरा लागला असता. चारी बघा."

चारी बघितली. कोपरापर्यंत काळी झाले.

"इंजिन लय चांगलं हाय. झाकणाखालचं गॅस्केट उडालंय, हेड जरा वाकलंय. लेथवर घासून आणतो. पण तापली कशानं, ते बघा."

रेडिएटर उतरवून भिंतीला टेकवला होता. त्याच्या फटींतून तारेने टोकरून काढलेलं सगळं कागदावर ठेवलेलं.

झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. आंब्याच्या पानांचा चुरा. तेलाचिखलात घट्ट बसलेला. एका दसऱ्याचा नाही, सहा-सात दसऱ्यांचा थर.

माळ माझी. दरवर्षी मनगटाएवढी जाड ओवायची, गाडीच्या तोंडावरच्या जाळीला आडवी बांधायची आणि कोणाला काढू द्यायची नाही. देवाची आहे, आपोआप गळू दे.

गळत होती. आत. पंखा ओढून घेत होता.

भांडायला आलेली मी, पदराने तो कागद झाकायला लागले. हे आमच्या गल्लीला सांगितलं तर खोटं वाटेल.

"वैनी, देवाला फूल वाहताना आपण त्याचं नाक दाबतो का? हिला बी वारा लागतो."

"ह्यांना सांगणार तुम्ही?"

मिस्त्रींनी कागदाचा बोळा केला आणि खिशात घातला.

संध्याकाळी हे आले. इंजिन पसंत करूनच आले होते. मी तशीच गॅरेजात नेली स्वारी. "आधी नख फिरवा, मग पाटल्या मागा."

ह्यांनी फिरवलं. खाली बघून म्हणाले, "मग तापली कशाने?"

"धूळ," मिस्त्री म्हणाले. "रस्त्याची धूळ बसली व्हती." पापणी हलली नाही.

इंजिन बदललं असतं तर मिस्त्रींना मजुरी जास्त मिळाली असती. मला काय कळणार होतं?

पुढच्या दसऱ्याला ते सोनं द्यायला आले. मी बारीकशी माळ गाडीच्या आरशाला बांधलेली.

हे म्हणाले, "आरशाला काय? जाळीला बांध की!"

"आरशालाच झ्याक दिसती," मिस्त्री म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ते इंजिन अजून दहा वर्षं पळालं. दोन पोरींची लग्नं झाली, पोरगा डिप्लोमा झाला. पाटल्या हातात आहेत.

आज दुपारी हे मिस्त्रींना पोचवून अमरधामहून आले. डोळे लाल. म्हणाले, "काय माणूस होता! धुळीने तापते, बरोबर ओळखलं."

इतकी वर्षं झाली, अजून धूळच.

अहो, धूळ नव्हती. मी होते. आता काय बोलायचं ते बोला, मध्ये पडायला मिस्त्री नाहीत.

मिस्त्री, तुम्ही आमचं घर चालतं ठेवलंत आणि माझी लाज राखलीत. एवढं माझ्या सख्ख्यांनी केलं नाही.

नीट जा. मनापासून नमस्कार.