ऑर्व्हिलपेक्षा उंच

आर्डिस टोलेफसनच्या घरासमोर, रस्ता आणि मक्याचं शेत यांच्या मधल्या चरात रानसूर्यफुलं उगवत. कुणी पेरलेली नव्हती. मिनेसोटाच्या हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जाई, मुळांचा मुक्काम मात्र बर्फाखाली हलत नसे, आणि सप्टेंबरात पाहावं तर डोक्यावरून जाणारी पिवळीधमक भिंत. लग्नाच्या वाढदिवसाला आर्डिस नवऱ्याला, ऑर्व्हिलला, सगळ्यांत उंच दांड्याशेजारी उभं करून फोटो काढी. तो टाचा उचलून लबाडी करी, तरी दरवर्षी हरे. हा सण दोघांनी कधी चुकवला नव्हता.

यंदा ऑर्व्हिलच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि तो चाकाच्या खुर्चीत बसला. शेजारच्या डेल्मरला कळवळा आला; चरातलं गवत आता कोण कापणार, असं त्याला वाटलं. जूनमध्ये ट्रॅक्टर आणून त्याने अख्खा चर सफाचट केला. आर्डिस धावत बाहेर आली, तोवर सगळं आडवं झालं होतं. पण त्या मुलखात मदतीला आलेल्या शेजाऱ्याला तोंडावर नावं ठेवणं म्हणजे महापाप. तिने हसून त्याला रूबार्बच्या आंबट देठांचा केक दिला. डेल्मरने रीतीप्रमाणे दोनदा "छे, कशाला!" म्हणून तिसऱ्यांदा घेतला.

केक फारच चांगला झाला असावा. जुलैत डेल्मर पुन्हा हजर, आणि जेमतेम वर आलेले कोंब पुन्हा आडवे.

"अजून एक केक दे, म्हणजे ऑगस्टचीही सोय झाली," ऑर्व्हिल म्हणाला.

"गप रे! इथे माझा जीव जळतोय आणि तुला चेष्टा सुचतेय."

ती तडक डेल्मरच्या दारात गेली, तीही रिकाम्या हाताने. "डेल्मर, तो चर आता कापायचा नाही. मला राग आलाय. खूप."

डेल्मर कानापर्यंत लाल झाला. "मग केक का दिलात, आर्डिसबाई?"

"अक्कल गहाण टाकली होती म्हणून!"

सप्टेंबरात फुलं आली, भरघोस आली, पण कमरेच्या जरा वर. खुर्ची ढकलत आलेल्या आर्डिसचे डोळे भरले. "एवढीशीच! यंदा राहू दे फोटो."

ऑर्व्हिलने पाठ ताठ केली. सगळ्यांत उंच फूल त्याच्या कानाशी संपत होतं.

"राहू दे काय? काढ लवकर! आयुष्यात पहिल्यांदा जिंकतोय मी."

तो फोटो स्वयंपाकघरात लावलाय. नीट पाहिलं तर खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर त्याच्या टाचा उचललेल्या दिसतात.