डब्यातली साखर

आमच्या आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. कोरोनात सगळं बंद पडलं आणि आम्ही दोघं मिळेल त्या जीपने गावी परतलो. गावाने वेशीवरच अडवलं. चौदा दिवस शाळेत राहा, मग घरी जा. मी तणतणले. देशांनी सीमा बंद केल्या होत्या ते समजत होतं, पण माझ्या सासरच्या गावाने मला परकं करावं? नवरा म्हणाला, "गप बस. छप्पर दिलंय न्हवं."

दुसरीच्या वर्गात आमचा संसार लागला. कोणी कोणाला जेवण द्यायचं हे गावाने आधीच वाटून घेतलं होतं. आमचा डबा घराशेजारच्या आक्कांकडून यायचा. त्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर डबा ठेवायच्या, दहा पावलं मागं सरायच्या आणि मग हाक मारायच्या. त्यांच्या सुनेला नववा महिना लागला होता.

रिकामा डबा परत करायचा नाही, हे आईने माझ्या अंगी इतकं मुरवलेलं की दुसऱ्या दिवशी मी डबा घासला, पुसला आणि आमच्या पुडीतली मूठभर साखर त्यात घातली. वर स्वतःवर खूशही झाले.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याला ताप भरला. तपासणीत कोरोना निघाला आणि त्याला तालुक्याला नेलं. गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा मला ती साखर आठवली. मी फोन लावला, "आक्का, ती साखर फेकून द्या. सुनेच्या हाताला लागू देऊ नका. लय चुकलं माझं."

"बरं," त्या म्हणाल्या. "भाकरी दोन पुरत्यात का तीन धाडू?"

डबा एक दिवसही चुकला नाही. मी तो रिकामाच परत करायचे, त्याचीही लाज वाटायची. आक्का कट्ट्याशी आल्या की मी लांबून कान देऊन ऐकायचे, खोकत तर नाहीत ना. सुनेचं विचारायला जीभच उचलत नव्हती.

नवरा बरा होऊन आला. शाळेतून सुटल्यावर मी आधी आक्कांच्या दारात गेले आणि अंगणातच थांबले. आतून तान्ह्या बाळाचं रडणं आलं.

आक्का वाटी घेऊन बाहेर आल्या. "नातू झाला. काल. दोघं बी बरी हायती."

त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली.

"तुजीच हाय," त्या म्हणाल्या. "बरनीत घालून वरच्या फळीवर ठेवलीती, कुनाला हात लावू दिला न्हाई. साखर कुनी टाकून देतं व्हय? काल नातवाच्या साखरेत मिसळून गावाला वाटली."