तीन नंबरच्या मशीनवर

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी वाचून हसणारी बाई आहे. आमचं बौद्ध घर, डिलाईल रोडला चाळीत. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची... यातलं काहीही उंबऱ्याच्या आत आलं नाही. पप्पा तर नवी वस्तू मुद्दाम अमावस्येला आणायचे. त्यामुळे हे वाचून 'ताई, शांती करून घ्या' असल्या कमेंट टाकू नका, डोकं फिरतं माझं.

माझी आई अलका लोअर परळच्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये सतरा वर्षं कॅशियर होती. काउंटर नंबर तीन. पप्पा गेल्यावर त्याच काउंटरवर उभं राहून तिनं मला बी.कॉम. केलं. आणि मी, तिची हुशार लेक, त्याच कंपनीच्या हेड ऑफिसला लागले. अख्ख्या स्टोअरमध्ये पेढे वाटले होते तिनं.

दोन वर्षांपूर्वी साहेबांनी मला एक शीट बनवायला सांगितली. एका बाजूला सहा कॅशियरचे पगार, पीएफ, रजा, युनिफॉर्म. दुसऱ्या बाजूला सहा सेल्फ-चेकआउट मशीनं, म्हणजे गिऱ्हाईकानं स्वतःच स्कॅन करून पैसे भरायचे, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक अटेंडंट. त्यात आईचं नाव नव्हतं हो, नुसतं 'काउंटर ३' होतं. मी बनवली, आणि छान बनवली. अटेंडंट म्हणून आईलाच ठेवतील असं मी धरून चालले होते — इतकी जुनी बाई, तिला कोण काढतंय! ठेवलं स्नेहलला. वय तेवीस, पगार निम्मा. आई एवढंच म्हणाली, "बरंच झालं गं, पाय दुखायचेच माझे." शीट कुणी बनवली ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

घरी बसल्यावर ती हळूहळू सुकत गेली. मला वाटलं, सवय जाईपर्यंत व्हायचंच. मग एका गुरुवारी मी घरून काम करत होते. दुपारचे चार. आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली, डोळे उघडे, आणि हात डावीकडून उजवीकडे चाललेले. हवेतच! हळू आवाजात बोलत होती, "तूरडाळ, एक किलो... हा साबण, पिवळा... चहा पाव किलो." मी हाक मारली, खांदा हलवला. पत्ताच नाही. पाच-सात मिनिटांनी थांबली, घामानं भिजलेली. म्हणाली, "डुलकी लागली वाटतं."

पुढच्या गुरुवारी परत तेच. माझं तर धाबं दणाणलं. परळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मनाला धक्का बसलाय म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती दिवसभर झोपून राहील या भीतीनं मी त्या सुरू केल्या नाहीत.

त्याच सुमारास मशीनांच्या कामाचा आढावा घ्यायला मी स्टोअरला गेले. योगायोगानं गुरुवारच होता. स्नेहल म्हणाली, "मॅडम, तीन नंबरवर एक अंकल येतात. आंधळे आहेत. कुणाची मदत घेत नाहीत, आणि एकदा पण चुकत नाहीत."

आता बघा — त्या मशीनांना गुळगुळीत स्क्रीन आहे, एक बटण नाही. आणि आवाज? तो कस्टमरच्या तक्रारींमुळे केव्हाचाच बंद केलाय. मी म्हटलं, शक्यच नाही.

चार वाजता ते आले. गमरे काका. एका सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले टेलिफोन ऑपरेटर, मी त्यांना लहानपणापासून आईच्या काउंटरवर लांबून बघत आलेय. आई दर गुरुवारी त्यांना एकेक वस्तू हातात देऊन सांगायची, काय आहे, केवढ्याला, तारीख कधीची. आता ते एकटेच मशीनसमोर उभे होते. वस्तू उचलायची, मान कलती करून थांबायचं, मग स्कॅन. एक ब्रेडचा पुडा त्यांनी बाजूला ठेवला. मी जाऊन तारीख बघितली. कालच संपली होती.

"काका, कसं कळलं तुम्हाला?"

"अलका म्हणाली ना, शिळा आहे."

"कोण अलका?"

"कोण म्हणजे? तीन नंबरची. आत कुठेतरी बसवलीय तिला माइक देऊन. बरं केलं हो कंपनीनं, बाईचे पाय वाचले." त्यांना त्यात काहीच नवल वाटत नव्हतं. जन्मभर आवाजांचीच नोकरी केलेला माणूस.

मी म्हटलं, खात्री करायची. पुढच्या गुरुवारी मी आईसमोर बसले, कानात इअरफोन, पलीकडे स्टोअरमधून स्नेहल. आई म्हणाली, "मारी बिस्किट, दोन." कानात स्नेहल, "मॅडम, बिस्किटं घेतली... दोन पुडे." आई म्हणाली, "काका, हे दही नको, मागचं आणा." कानात स्नेहल, एकदम बारीक आवाजात, "मॅडम, ते दही बदलायला गेलेत."

आई त्या दिवशी उठूच शकली नाही. ताप भरला. दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभी केली तर चार किलो कमी. मला दुसरं काही दिसत नव्हतं, फक्त एवढंच की आई माझ्यासमोर संपत चाललीय. मी गोळ्या सुरू केल्या. मला सांगा, तुम्ही काय केलं असतं?

त्यानंतरच्या गुरुवारी आई चार वाजता गाढ झोपली होती. हात स्वस्थ. मला इतकं हायसं वाटलं! तेवढ्यात स्नेहलचा फोन. "मॅडम, अंकल नुसते उभे आहेत. अर्धा तास झाला. मी मदत करते म्हटलं तर नको म्हणतात."

मी धावत गेले. दहा मिनिटांचा रस्ता. काका मशीनला हात लावून उभे होते, साखरेची पिशवी छातीशी धरून. माझी चाहूल लागल्यावर म्हणाले, "अलका आज आली नाही का?"

"काका, मी तिची मुलगी."

"आजारी आहे का गं ती?"

"नाही काका. आता बरी आहे."

त्यांनी मशीनवरचा हात काढून घेतला. "मग काढलं वाटतं तिला."

त्यांनी साखर चाचपडत मशीनच्या कडेला ठेवली, आपल्या रिकाम्या कापडी पिशवीची घडी केली आणि काठी टेकत निघून गेले. परत आले नाहीत. आता कुठून सामान घेतात, कुणाला माहीत नाही. मी त्यांच्या चाळीपर्यंत दोनदा गेले, पण वर जायची हिंमत झाली नाही.

याला तीन महिने झाले. आईचं वजन भरलंय, सिरियल बघते, शेजारच्या बायकांशी गप्पा मारते. डॉक्टर खूश आहेत. दोन वेगळ्या डॉक्टरांना, एका मशीनच्या इंजिनिअरला विचारून झालं. कुणाकडे उत्तर नाही, माझ्याकडे तर नाहीच. तिला शीटचं सांगायला रोज तोंड उघडते आणि मिटते.

गेल्या गुरुवारी मी ऑफिसमधून लवकर आले. आई दारात उभी होती. केस विंचरलेले, बाहेरची साडी, पायात चपला.

"कुठे निघालीस?"

"तेच आठवत नाही बघ," ती म्हणाली. "कुणीतरी थांबलंय माझ्यासाठी. कोण गं?"

"कुणी नाही, आई," मी म्हटलं, आणि तिचा हात धरून तिला आत आणलं.