वेंडेलचा चेहरा

नेवाडातल्या आमच्या खाणीच्या गावात दुपारी पोकरचं, म्हणजे पैसे लावून खेळायच्या पत्त्यांचं, एक टेबल लागायचं. तिथं पानं वाटायचं काम माझं. वेंडेल प्रुइट विहिरी खोदायचा, आणि काम नसलं की खेळायला यायचा.

एका शनिवारी त्याच्या हातात तीन बादशहा होते. शेवटचं पान बदामाचं निघालं नि समोर बसलेल्या ऑर्व्हिलचे पाच बदाम जुळले, तीन बादशहांवर भारी. हरण्याचं काही नाही, सगळेच हरतात. पण वेंडेलचं डोकं फिरलं. पुढचे दोन तास तो रागानं दुऱ्या-तिऱ्यांवरही पैसे लावत सुटला. संध्याकाळी त्यानं पणाला लावलेला ट्रक ऑर्व्हिलच्या दारात उभा होता.

"पानं वाईट नव्हती रे, तूच वाईट होतास," त्याची बायको आर्लीन म्हणाली. आणि तिनंच त्याला घडवायला घेतलं.

हिवाळाभर ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पानं वाटायची आणि तोंडानं वार करायची. "तुझा भाऊ खाणीत गाडला गेला तेव्हा तू कुठं पीत बसला होतास?" वेंडेलची भुवई हलली की पानं गोळा, पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा म्हटलं, "आर्लीन, पुरे की!" तर म्हणाली, "तू गप बस, रॉय. दगड एका दिवसात होत नाही."

वसंतापर्यंत झाला. टेबलावर ऑर्व्हिल डिवचायचा, "म्हाताऱ्या, जिवंत आहेस ना?" वेंडेल नुसता पुढचं पान बघायचा. ट्रक परत आला.

तिसऱ्या वर्षी आर्लीनच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्याच्या ओसरीत डॉक्टरांनी आम्हा दोघांना सांगितलं, फार तर महिना. आम्ही आत गेलो.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"बरी होशील," वेंडेल म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. शोधत राहिली. कुठं काही सापडेना.

"वेंडेल, हे तोंड टेबलावर ठेवून ये. माझ्यासमोर तरी नको."

त्यानं ओठ उघडले. जबडा जरा हलला. मला वाटलं, आता फुटेल. पण त्याला जमलं नाही. खरंच जमलं नाही. मी उभा होतो तिथं.

मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं, पण उशीर झाला होता.

"अस्सं," ती म्हणाली. "रॉय, तू नुसती पानंच वाट हो. खेळू नकोस कधी."

आणि तिनं हात पुढे केला. माझ्याकडे.