फोटोपुरत्या बांगड्या

दुपारी आडवे पडण्याची सवय मी स्वतःला कधी लावून घेतली नाही. ती डॉक्टरांनी लावली. आज पडले आहे. पडदे ओढलेले आहेत, पंखा संथ फिरतो आहे आणि उशाजवळच्या तिपाईवर दोऱ्यात ओवलेल्या हिरव्या बांगड्या आहेत. माझा मुलगा अभय त्या ठेवून गेला.

"फोटोपुरत्या घालायच्या, आई. जाहिरातवाले म्हणतात, हातभर हिरव्या बांगड्या दिसल्या की पाकीट घरातलं वाटतं. नवं गिऱ्हाईक अशानंच येतं."

हे सांगताना त्याने माझ्या डोळ्यांकडे पाहिले नाही. विधवा आईला बांगड्या आणून देणाऱ्या मुलाने पाहूही नये.

आमची चहाची पेढी जयसिंगपुरात आहे आणि लहान आहे. आसामकडची पोती येतात. त्यांतली जाडी पत्ती, बारीक पत्ती आणि भुकटी ठरावीक प्रमाणात मिसळून आम्ही पाकिटे भरतो. पाकिटावर आजवर फेटा बांधलेले माझे यजमान होते, रायगोंडा मगदूम. आता ते नाहीत आणि चहाही पूर्वीसारखा खपत नाही. गावाबाहेर उठलेल्या नव्या इमारतींत तर एकदा घेतलेले पाकीट दुसऱ्यांदा कोणी घेत नाही. तेव्हा फेटा काढून त्या जागी माझा चेहरा छापायचा, असे ठरले आहे. संध्याकाळी फोटोवाले येतील. "तू नाही म्हणालीस तर दिवाळीनंतर पेढीला कुलूप," असे अभयने मला जेवताना सांगितले. मी ताटावरून उठले.

डोळा लागतो आहे की नाही, हे मला नीट कळत नाही. पंख्याचा आवाज तुटक होतो. जरा थांबतो, पुन्हा येतो. मग तो पंख्याचा राहत नाही. कोणीतरी चहाचा सुरका मारते आहे. असा लांब, उद्धट सुरका मी आयुष्यात एकाच माणसाचा ऐकला.

"झोपलीस होय?" ते विचारतात.

माझे अंथरूण आता पोत्यांच्या थप्पीवर आहे आणि थप्पी चाखणीच्या खोलीत आहे. मधला पडदा तोच, किरमिजी. पडद्यापलीकडे व्यापारी बसले आहेत. त्यांच्या टोप्या दिसतात, तोंडे दिसत नाहीत. अलीकडे मी. पडद्याखालून एक कप माझ्याकडे सरकतो.

हे तुम्हांला सांगायला हवे. आमच्या पेढीत चहा चाखत होते ते यजमान, असे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होते. प्रत्यक्षात त्यांच्या जिभेला तंबाखूमुळे कसलीच चव कळत नसे. ते सुरका मारत, डोळे मिटत, मान डोलवत. तोवर दुसरा कप माझ्याकडे आलेला असे. मी घोट घेई आणि बांगडी कपाच्या काठावर वाजवी. एकदा वाजली तर माल घ्यावा, दोनदा वाजली तर घेऊ नये. व्यापाऱ्यांना वाटे, आत घरची बाई भांडी आवरते आहे.

"वाजव की," ते पडद्यापलीकडून कुजबुजतात. "लोक खोळंबलेत."

"कशानं वाजवू?" मी पडद्याखालून दोन्ही हात पुढे करते. मनगटे कोरडी, मोकळी.

ते वाकून पाहतात. त्यांना आश्चर्य वाटते, आणि त्या आश्चर्याचाच मला संताप येतो.

"बांगड्या कुठं गेल्या?"

"तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्या बहिणीनं पाट्यावर फोडल्या. तुम्ही शेजारीच निजला होता."

"मी काय मर्जीनं गेलो?"

"त्या तरी कुठं माझ्या मर्जीनं गेल्या?"

"तशीच जीभ आहे तुझी."

"जीभ आहे म्हणून तर पेढी चालली."

पलीकडच्या टोप्या हलतात. यजमान घाईने खाकरतात, मी बोललेले झाकायला ते नेहमी खाकरत तसे, आणि पडदा ओढून नीट करतात. पण तो त्यांच्या हातात येतो तेव्हा पडदा नसतोच, कोणाच्या तरी स्वयंपाकघरातला पांढरा रुमाल असतो. आम्ही दोघे एका नव्या इमारतीच्या कितव्यातरी मजल्यावर उभे आहोत. ओटा काचेसारखा चकचकीत. भिंतीवर पाणी गाळण्याचे यंत्र, त्यावर निळा दिवा. एक तरुण बाई आम्हांला न पाहता चहा गाळते, घोट घेते, तोंड वाकडे करते आणि अख्खा कप मोरीत ओतते.

"शी! औषध आहे नुसतं," ती म्हणते आणि आमचे पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकते. डब्यातून फेटा बांधलेले यजमान वर पाहत राहतात.

माझ्या शेजारचे यजमान लाल होतात. "माझं तोंड आहे त्यावर! तिनं नीट बघितलं नसेल."

"तोंड बघून माणूस पाकीट एकदा घेतो. दुसऱ्यांदा घेतो ते घोट घेऊन."

"हे मीच म्हणायचो."

"तुम्ही म्हणायचा. पण ऐकलं होतंत माझ्याकडून."

मी यंत्राखाली ओंजळ धरते. पाणी पडते. मी ते जिभेवर घोळवते आणि मला सारे कळते. हे पाणी पोकळ आहे. त्याला ना माती, ना खार, ना नदीचा वास. आमचे मिश्रण मी बांधले ते विहिरीच्या जड पाण्यासाठी. ते पाणी पत्तीला दाबून धरी, म्हणून मी भुकटी सढळ घातली होती. हे पाणी कोणालाच दाबत नाही. इथे ती भुकटी सैराट सुटते आणि घशाला ओरबाडते. सून नव्या घरी गेली आणि तिला कोणी वडीलधारे उरले नाही, तसे हे आहे. अशा पाण्याला भुकटी कमी हवी आणि जाडी पत्ती वाढती. पाकिटावर कोणीही बसो, फेटेवाला बसो की बांगड्यावाली, त्याने या ओट्यावरचा चहा गोड लागणार नाही.

"मग हे अभयला सांगितलं का नाहीस?" यजमान विचारतात.

"त्यानं मला कोठीची किल्ली कधी दिली? तुमचं तेरावं झालं तसं तो म्हणाला, आई, आता तू आराम कर. चाखायला कोल्हापूरहून माणूस येतो. आमच्या घराला माझा चेहरा आता आठवला. जीभ अजून आठवलेली नाही."

"त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? कोणी सांगितलंच नाही."

"कोणी म्हणजे कोणी?"

मी वाट पाहते. जीभ तिची होती, एवढे एक वाक्य हवे असते मला. मेलेल्या माणसाला त्याने काय तोटा होणार होता? पण ते खांद्यावरचे उपरणे सारखे करतात, आणि ओटा पाहता पाहता पुन्हा चाखणीच्या खोलीतले बाक होतो. टोप्या समोर आहेत. यजमान घसा साफ करतात.

"मंडळी, आमच्या मते पाणी बदललं आहे. आमचं असं मत आहे की भुकटी..."

"तुमचं नव्हे," मी पडद्याआडून म्हणते. "माझं."

टोप्या वळतात. टोप्यांखाली खरोखरच तोंडे नाहीत. यजमान दातओठ खात माझ्याकडे येतात.

"अगं, लोक काय म्हणतील!"

"मरून इतकी वर्षं झाली, आणि लोकांची भीती अजून गेली नाही तुमची?"

ते क्षणभर खरोखरच ओशाळतात. मग माझा उजवा हात हातात घेतात. मला वाटते, आता म्हणतील. कासार दाबतो तसा ते माझा अंगठा तळव्यात दुमडतात, हाडे वळवतात, आणि गार काहीतरी पंज्यावरून सरकत मनगटावर येते.

"ही घे," ते हळूच, अगदी मायेने म्हणतात. "आता बोलायला नको. वाजव."

इतक्या लांबून ते आले, आणि आणले ते हे.

"आई, उठलीस का? ते लोक आलेत खाली."

पंखा फिरतो आहे. अभय दाराशी कपबशी घेऊन उभा आहे. मी उठून बसते. तिपाईवर बांगड्यांचा दोरा तसाच आहे, गाठ त्याने मारली तशीच. पण ओळीत एका बांगडीची जागा रिकामी आहे. ती माझ्या उजव्या मनगटावर आहे. माझ्या हाताची बोटे संधिवाताने अशी सुजलेली असतात की अंगठीसुद्धा जात नाही.

अभयही ती पाहतो. त्याचा चेहरा उजळतो. "घातलीस! मला वाटलं, रागावशील. बाकीच्या घालायला कासारणीला बोलावू?"

मी कप घेते. आमचाच चहा आहे, आमच्याही घरी आलेल्या तसल्याच यंत्राच्या पाण्यातला. एक घोट घेते. मग बांगडी काठावर वाजवते. एकदा. पुन्हा एकदा.

"जपून, फुटेल ती," अभय म्हणतो. ती भाषा त्याला कोणी शिकवलीच नाही.

म्हणून मी बोलते. "हा चहा कडू आहे, अभय. का कडू आहे ते मला ठाऊक आहे, आणि या घरात ते फक्त मलाच ठाऊक आहे. तुझ्या वडिलांनाही कधी ठाऊक नव्हतं. फोटोवाल्यांना परत पाठव आणि कोठीची किल्ली आण."

"आई, बाबांना ठाऊक नव्हतं म्हणजे?"

"किल्ली आण. मग सांगते."

या खेपेस तो माझ्या डोळ्यांकडे पाहतो. मग जिन्यावरून त्याची पावले खाली जातात. मी बांगडी ओढून पाहते. ती निघत नाही. साबण लावूनही निघणार नाही, फोडावीच लागेल. पण या वेळी ती कोणी फोडायची आणि कधी, हे मी ठरवीन.