सगळी पुस्तकं खाकी

नोकरीत मी एकच गोष्ट नीट शिकलो, दुसऱ्याच्या कामात चुका काढायच्या. त्याचा मला पगार मिळायचा. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला होतो. माल पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांकडे अचानक जायचं, त्यांच्या रॅकवरून बोट फिरवायचं, बोटाला लागलेली धूळ त्यांनाच दाखवायची आणि रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम. समोरचा गयावया करू लागला की माझं ठरलेलं वाक्य होतं, "मी पाहिलं तेच लिहिणार." हे मी इतक्या शांतपणे म्हणायचो, की माझा मलाच आदर वाटायचा.

निवृत्त झालो आणि सहाच महिन्यांत संत तुकाराम नगरातल्या आमच्या ग्रंथालयाचा कार्यवाह झालो. निवडून वगैरे आलो नाही. सभेला उशिरा पोचलो, तोवर बाकी सगळ्यांचं "मला नको" म्हणून झालं होतं.

व्यायामशाळेच्या वर दोन खोल्या, एवढंच आमचं ग्रंथालय. माझ्या वडिलांच्या वयाच्या कामगारांनी ते सुरू केलं. शिफ्ट सुटली की ही मंडळी डबा हातात तसाच घेऊन जिना चढायची. वडील पेपर मोठ्याने वाचायचे, कारण बाकावर शेजारी बसणाऱ्यांतल्या दोघांना वाचता येत नव्हतं. जयंती जवळ आली की भाषण पाठ करायला मीही तिथेच बसायचो, आणि खालून डंबेल आपटल्याच्या आवाजात माझं भाषण चुकायचं. सांगायचा मुद्दा, जागा माझ्या मायेची होती. तरीही मी जे केलं ते केलं.

ग्रंथालय सरकारमान्य, 'क' वर्गातलं. वर्गावर अनुदान ठरतं आणि अनुदानावर माणसं. आमच्याकडे दोन माणसं होती. एक ग्रंथपाल ताई, रीतसर परीक्षा दिलेल्या. दुसरे मामा. मामा पुनावळ्याचे. त्यांच्या भावकीतल्या बहुतेकांनी जमिनी विकल्या आणि तिथे बारा-बारा मजले उभे राहिले. मामांच्या वाट्याला त्यातलं फार काही आलं नाही, कसं ते मी कधी विचारलं नाही. सकाळी ते पेपर लावायचे, पुस्तकं काढून द्यायचे, परत आलेली ठेवायचे. वर्ग घसरून 'ड' झाला तर एकच माणूस ठेवता येतं आणि ते ग्रंथपालच असावं लागतं. म्हणजे तपासणीत आपण पडलो तर मामा घरी बसणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मामांनाही.

तपासणीचं पत्र आलं तेव्हा ताई म्हणाल्या, "घाबरू नका दादा. साहेब येतात, दाखल नोंदवहीतले दहा-बारा नंबर सांगतात, ती पुस्तकं आम्ही काढून टेबलावर ठेवतो. दरवर्षी तेच."

"कशी काढता?"

"कशी म्हणजे? हातानं."

मी त्यांची परीक्षाच घेतली. नोंदवही उघडली, मधलाच एक नंबर सांगितला. ताईंनी नाव पाहिलं आणि मामांना हाक मारली, "मामा, ती शेतमजुराच्या बाईची कादंबरी."

"हिरव्या पाठीची व्हय? च्या सांडल्याली?" मामा आतून म्हणाले आणि अर्ध्या मिनिटात पुस्तक घेऊन आले. चहाचा डाग होता.

कुणाही शहाण्या माणसाने इथे थांबून दोघांना नमस्कार केला असता. माझ्या अंगात मात्र क्वालिटी संचारली. हे सगळं या दोघांच्या डोक्यात आहे, उद्या ही माणसं नसली तर? सिस्टिम कुठाय? प्रत्येक वस्तूला जागा, जागेला नंबर, नंबराला यादी! मी तिथल्या तिथे दहा मिनिटांचं भाषण दिलं. मामा पेपरांच्या गठ्ठ्याला सुतळी बांधत ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "भाऊ, पुस्तकं हायेत ती. नटबोल्ट न्हाईत."

मी हसलो. वर्कशॉपवालेही सुरुवातीला असंच म्हणायचे.

पुढचे तीन आठवडे मी फार सुखात होतो. सगळ्या पुस्तकांना एकसारखी खाकी कव्हरं घातली. कव्हर सुटू नये म्हणून कंपनीतल्या एका मित्राकडून चांगला चिकट गोंद आणला. पुस्तकं उंचीप्रमाणे नव्याने रचून पाठीवर नवे नंबर टाकले, रॅक, कप्पा, जागा: ख-चार-सतरा. खाली जुने दाखल क्रमांक झाकले गेले, पण त्याची काळजी मला नव्हती, कारण मी कॉम्प्युटरवर यादी केली होती. पहिल्या रकान्यात पुस्तकाचं नाव, दुसऱ्यात जुना क्रमांक, तिसऱ्यात नवी जागा. जमिनीवर पिवळे पट्टे मारले. वाचकांनी पट्ट्याच्या आतून चालावं, असा बोर्ड लावला.

ताई एकदाच बोलल्या. "दादा, सगळी एकसारखी दिसतात आता. मला डोळ्यांपुढे अंधारी आल्यासारखं होतं."

"सवय होईल ताई. यादी आहे ना."

तपासणीच्या आदल्या दिवशी मला वाटलं, यादी अजून देखणी करावी. नावं अकारविल्हे असली तर साहेबांवर छाप पडेल. मी पहिले दोन रकाने निवडले, बटण दाबलं, नावं सुरेख अ ते ज्ञ लागली. यादी सेव्ह केली, प्रिंट काढली, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली. बाजूचा तिसरा रकाना हललाच नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. म्हणजे नावं आणि क्रमांक सरकले, जागा तिथेच राहिल्या. तीन आठवड्यांच्या माझ्या सिस्टिमची एका बटणात भेळ झाली होती, आणि मी ती छातीशी धरून झोपलो.

निरीक्षक साहेब बसने आले. खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर घाम, सकाळपासून दोन ग्रंथालयं झालेली आणि पुढे आणखी दोन. वाचनकक्षात मी नेहमीची आठ-दहा म्हातारी मंडळी बसवली होती आणि झोपायचं नाही अशी ताकीद दिली होती, त्यामुळे सगळे डोळे वटारून पेपर वाचत होते. साहेबांनी पट्ट्यावर पाय ठेवला. रंग ओला होता. चप्पल उचलली तेव्हा फट्ट असा आवाज झाला.

"छान," साहेब म्हणाले. कशाला म्हणाले ते कळलं नाही.

ते टेबलाशी बसले, नोंदवही उघडली आणि पहिला क्रमांक सांगितला. ताईंनी नाव वाचलं आणि सवयीने मामांकडे पाहिलं. मामा आपसूक दोन पावलं रॅककडे गेले आणि थांबले. समोर छतापर्यंत खाकी.

"थांबा, थांबा," मी फोल्डर उघडला. "ही आपली सिस्टिम. ग-दोन-नऊ."

मामांनी ग-दोन-नऊ आणलं. साहेबांनी उघडलं. हव्या होत्या स्वातंत्र्यसैनिकाच्या आठवणी, निघालं ब्लाउजच्या बारा प्रकारांचं पुस्तक.

"चुकून," मी म्हणालो. "पुढचा सांगा."

पुढचा: नाटक हवं होतं, निघालं शेळीपालन. तिसरा: शेळीपालन हवं होतं. मी आनंदाने म्हणालो, "हे आत्ताच सापडलंय!" साहेब हसले नाहीत. वाचनकक्षातला एक म्हातारा हसला. चौथ्याला, पाचव्याला तेच. मामा घामाघूम होऊन रॅकमागून रॅक चाचपत होते, पाठीवरून हात फिरवत होते, बोटांना काही ओळखीचं लागतंय का बघत होते. पण गोंदाचं काम पक्कं होतं.

ताई हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, पुस्तकं आहेत. सगळी आहेत. मी शपथेवर सांगते. आत शिक्का आहे, एकेक उघडून शोधू, संध्याकाळपर्यंत देते."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "ताई, मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

मी त्यांना जिन्याशी गाठलं. काय काय बोललो ते आता लिहायची लाज वाटते. हात जोडले. चूक माझी आहे, या दोघांची नाही, एक माणूस घरी बसेल, असं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग रुमालाने चपलेचा रंग पुसत म्हणाले, "मला पटतंय हो. पण मी पाहिलं तेच लिहिणार."

हे वाक्य ऐकल्यावर समोरच्याने काय करायचं असतं, ते मला कधी कुणी दाखवलंच नव्हतं. वर्कशॉपवाले चहा मागवायचे, एवढं आठवलं. मी विचारलं, "चहा घेणार?" ते नको म्हणाले.

त्रुटींची पूर्तता सुरू आहे असं आम्ही नंतर कळवलं. दोनदा कार्यालयात जाऊन आलो. तिथल्या बाई चांगल्या होत्या, बसायला खुर्ची दिली. फाईल पुढे गेली आहे, म्हणाल्या. पुढे म्हणजे कुठे, हे त्यांनाही सांगता येईना. काही महिन्यांनी पत्र आलं. वर्ग 'ड'.

मामांना पत्र द्यायचं काम कार्यवाहाचं. मजकूरही कार्यवाहानेच लिहायचा. मी चार वेळा लिहिला, चारही वेळा तो सरकारी झाला. मामांनी चष्मा लावून सगळा वाचला, सही कुठे करायची विचारलं आणि केली.

"मामा, माझ्यामुळे झालं," मी म्हणालो.

"आता काय भाऊ," ते म्हणाले. "तुमी काय मुद्दाम केलं का?" आणि सुतळीचं बंडल खणातून काढून माझ्या हातात दिलं. "ही लागंल."

आता सकाळी पेपर मी लावतो. कुणाला कुठला पेपर आधी लागतो ते मला कळत नाही, त्यामुळे रोज भांडणं होतात. ताई आणि मी दुपारी एकेक पुस्तक उघडून शिक्का बघतो आणि पाठीवर जुना नंबर टाकतो. कव्हर ओढून काढायला गेलो तर पाठीचा कागद सोलून येतो, म्हणून ते सोडून दिलं. सध्या दुसऱ्या रॅकवर आहोत. "मामा असते तर दिवाळीपर्यंत उरकलं असतं," ताई एकदा बोलून गेल्या आणि घाईने पुढचं पुस्तक उघडायला लागल्या.

गेल्या महिन्यात मामा आले. इस्त्रीचा सदरा घालून, वाचक म्हणून. रीतसर वर्गणी भरली. मी पावतीवर त्यांचं नाव लिहिलं आणि ती फाडून दिली.

"कुठलं देऊ, मामा?"

"तेच की. हिरव्या पाठीचं, च्या सांडल्यालं. इतकी वर्सं लोकांना काढून दिलं, आपून वाचलंच न्हाई."

ताई बँकेत गेल्या होत्या. मी उठलो, दुसऱ्या रॅकपाशी गेलो, एक काढलं, उघडलं, ठेवलं. दुसरं काढलं. मामा बाकावर टेकले, ज्या बाकावर वडील बसायचे तिथेच. मधे एकदा ते मदतीला अर्धवट उठले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा बसले. खाली व्यायामशाळेत कुणीतरी वजन आपटलं. मी चौथ्या कप्प्यावर आलो होतो.

"सावकाश बघा भाऊ," मामा म्हणाले. "मला आता कुठं जायचंय."